आगोटीची बेगमी आणि घरातली मांजरं
(प्रस्तावना)

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत मांजर हौसेखातर पाळलेलं क्वचितच दिसतं. ते कामाला ठेवलेलं असतं. सुगी आटोपून भात, नागली आणि वरई कणगीत किंवा माळ्यावर चढली, की उंदीर-घुशींचा सुळसुळाट सुरू होतो. घरचं धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल याचा हिशोब दिवाळीपासूनच करावा लागतो, अशा घरात उंदरांनी नासलेली एक पायलीही जड जाते. म्हणून कणगीच्या आसपास मांजर हवंच असतं. भाटी आणली तर वर्षाच्या आत एकाची चार होतात. मग एके दिवशी तीच मांजरं कणगीच्या बुडाशी मुतू लागतात, चुलीतल्या राखेत घाण करून ठेवतात, पावसात न वाळलेल्या गोधडीवर जाऊन बसतात. राखणदारानेच नासाडी मांडली तर त्याला ठेवायचं कसं, आणि घालवलं तर धान्य राखायचं कोणी, असा पेच घरातल्या बाईपुढे उभा राहतो. पुढची पानं त्या पेचातून वाट काढण्यासाठी लिहिली आहेत.

या विषयावर जे लिहिलं गेलं आहे ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटसाठी. तिथे मांजर दाराबाहेर पडत नाही, फरशी गुळगुळीत असते, दुकानातून पिशवीबंद ‘लिटर’ येतं आणि नळाला पाणी असतं. आपल्याकडे यातलं काहीच धरून चालता येत नाही. घर कारवीच्या कुडाचं, जमीन शेणाने सारवलेली. मांजर दिवसभर शेतात, रानात किंवा शेजाऱ्याच्या ओट्यावर. पाणी जूनपासून सप्टेंबरपर्यंत नको इतकं, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येईल तेव्हा. पण मांजर खोडाळ्याचं असो की लंडनचं, त्याचं शरीर तेच आणि स्वभावही तोच. पशुवैद्यकांना त्या स्वभावाबद्दल जे कळलं आहे ते इथल्या घरात कसं बसवायचं, एवढंच काम या पुस्तिकेने अंगावर घेतलं आहे.

तिचं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. मांजर घर घाण करतं तेव्हा ते सूड उगवत नसतं आणि माजलेलंही नसतं. एक तर त्याला जायला जागा उरलेली नसते, किंवा त्या जागेपर्यंत दुसरं मांजर जाऊ देत नसतं, किंवा तिथे पोचेपर्यंत धीर धरण्याची शरीराची ताकद नसते. आपल्या भागात या तिन्ही गोष्टी महिन्यागणिक बदलतात, कारण घरच महिन्यागणिक बदलतं. आषाढात एका छपराखाली माणसं, शेळ्या, कोंबड्या, सरपण आणि सगळी मांजरं कोंडलेली असतात. माघात त्याच घराला कुलूप असतं, नाहीतर आत एकटी म्हातारी. तेव्हा मांजराला बडवण्याआधी महिना कोणता चालला आहे ते बघावं. निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

आता थोडं मांजराच्या घडणीविषयी. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर, शास्त्रीय नाव फेलिस लिबिका. तिकडे शेती सुरू झाली, माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेला मांजराचा सांगाडा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा आहे. त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे धान्याची कोठी आणि मांजर हे नातं जुनंच आहे, जव्हारच्या कणगीपाशी ते नव्याने जुळलेलं नाही. त्या कोरड्या मुलखातून मांजराने आणखी एक गोष्ट बरोबर आणली. भुसभुशीत, कोरडी माती उकरायची, खळग्यात बसायचं आणि वर माती ओढायची. हे पिल्लाला कोणी शिकवत नाही. पहिले तीन आठवडे आई चाटून त्याचं शी-मूत उरकवते. चौथ्या आठवड्याच्या आसपास ते स्वतः उकरायला लागतं, आणि त्या दिवसांत पायाखाली जे सापडेल त्याचीच गोडी पुढे राहते. राखेवर वाढलेलं पिल्लू मोठेपणी राख शोधतं, पेंढ्यात वाढलेलं पेंढा.

चुलीपाशी आलेल्या मांजराकडे एकदा नीट बघा. रात्रीचा विस्तव विझला आहे, राख गार झाली आहे. मांजर आधी वास घेतं, पुढच्या एका पंजाने राख ओढतं, थांबतं, वीतभर बाजूला सरकून पुन्हा ओढतं. खळगा मनासारखा झाला की वळतं आणि पाठ खाली घेऊन बसतं, नजर मात्र दाराकडे. उठल्यावर मागे वळून वास घेतं आणि चहूबाजूंनी राख ओढून खळगा बुजवतं. सकाळी त्या चुलीवर भाकरी भाजायची आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्या लेखी घरातली ती एकुलती एक कोरडी, मऊ, उकरता येणारी जागा आहे. माणसाने हाकललं तर ते माणूस नसताना येईल, कारण दुसरी जागा त्याला दाखवलेलीच नाही.

घरकुलात राहायला गेलेल्या कुटुंबांकडून एक तक्रार हमखास येते. शबरी योजनेतून किंवा प्रधानमंत्री आवास योजनेतून पक्कं घर झालं, आणि जुन्या घरात वर्षानुवर्षं शहाण्यासारखं वागलेलं मांजर नव्या घरात गोधडीवर मुतायला लागलं. मांजर बिघडलं नाही, त्याच्या पायाखालची जमीन बदलली. कोब्यावर उकरायला गेलं की नखं घसरतात, मूत पसरतं आणि पंजाला लागतं. मऊ आणि शोषून घेणारं म्हणून घरात उरतं काय? गोधडी, बारदान आणि कपड्यांचं गाठोडं.

अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या मांजरांवर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या दोन संस्थांनी २०१४ साली या प्रश्नावर एकत्रित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कारणांचे चार गट आहेत: शरीराचा आजार, ताणामुळे मूत्राशयाला येणारी सूज, मुताने हद्दीच्या खुणा करणं, आणि जागेविषयी किंवा सोबतच्या मांजरांविषयी असलेली अडचण. पुस्तिकेची पहिली तीन प्रकरणं याच धाग्यावर आहेत: पहिलं शरीराचं, दुसरं जागेचं, तिसरं सोबतीचं आणि खुणांचं. चौथं प्रकरण सफाईचं आणि पाचवं घरातल्या माणसांच्या तब्येतीचं. शरीर पहिलं का, याचं कारण उघड आहे. दुखणाऱ्या मांजराला शी-मुतासाठी मातीची कितीही छान पाटी भरून दिली तरी ते तिथे जाणार नाही. उलट मुतताना झालेली कळ ते पाटीच्या नावावर लावतं आणि पाटीच टाळायला लागतं.

पहिल्या प्रकरणातली एक गोष्ट इथेही सांगायला हवी, कारण ती कळण्यात एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात बारीक खडे आणि चिकट स्राव अडकला की मूत तुंबतं. बोका पुन्हापुन्हा बसतो, कण्हतो, खालचा भाग चाटत राहतो. निघतो तो एखादा थेंब, कधी रक्ताळलेला. घरच्यांना वाटतं शौचाला घट्ट झालंय, आणि तेल पाजण्यात वेळ जातो. पूर्ण तुंबलेला बोका दोनेक दिवसांत दगावू शकतो. यावर घरगुती उपाय नाही, पशुवैद्यकीय दवाखाना हाच उपाय. आणि वाटेत माणसाची गोळी देऊ नये. तापासाठी आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे.

मूत्राशयाचा त्रास आणि उन्हाळा यांचं आपल्याकडे जवळचं नातं आहे. मुळात मांजर पाणी कमी पितं आणि भक्ष्याच्या ओलाव्यावर बरंच भागवतं. मोखाड्याच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते, तेव्हा मांजरासाठी भांडं भरून ठेवायचं कोणाच्या डोक्यात येणार? कोरडा भात-भाकरी खाणाऱ्या आणि पाणी न मिळणाऱ्या मांजराचं मूत घट्ट होतं, आणि घट्ट मूत मूत्राशयाला झोंबतं. भाताची पेज किंवा मासळी धुतलेलं बिनमिठाचं पाणी ताटलीत ओतलं, तर वेगळं पाणी खर्च न करता मांजराच्या पोटात ओलावा जातो. उन्हाळ्यातल्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेही हलक्या होऊ शकतात.

दुसरं प्रकरण जागेचं, आणि पुस्तिकेचा गाभा तोच आहे. नियम सोपा आहे: जेवढी मांजरं, त्याहून एक पाटी जास्त. तीन मांजरांना चार. मात्र एकमेकींना चिकटून ठेवलेल्या दोन पाट्या मांजराच्या हिशोबात एकच ठरतात. दोन खोल्यांच्या घरात चार पाट्या म्हटल्यावर हसू येईल. पण पडवीचा कोपरा, माळ्याच्या शिडीखालची जागा, मोरीच्या पलीकडची भिंत आणि गोठ्याची कोरडी बाजू अशा चार जागा बहुतेक घरांत निघतात. पाटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी. आपलं घमेलं पिल्लाला पुरतं, वाढलेल्या बोक्याला अपुरं पडतं. तो आत उभा राहतो आणि मूत काठावरून बाहेर जातं. फुटका प्लास्टिकचा पिंप उभा कापला की दोन उत्तम पाट्या होतात, फक्त कापलेली कड घासून बोथट करावी आणि म्हाताऱ्या मांजरासाठी एक बाजू खाली उतरवावी. आत कोरड्या मातीचा किंवा वाळूचा दोन-तीन बोटं जाड थर. भातगिरणीवरचं थोडं तूस मिसळलं तर पाटी हलकी होते. राख नुसती भरू नये. ओली झाली की ती पंजांना झोंबते आणि पंजे चाटताना तोंडात जाते. शिवाय वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दडलेला असू शकतो. पण राखेची सवय लागलेल्या मांजराला नव्या पाटीकडे वळवायचं असेल, तर चाळलेली गार राख मूठभर वर भुरभुरावी आणि चुलीवर रात्री पत्रा झाकावा. दोन्ही एकाच दिवशी करायचं. नुसती चूल झाकली तर मांजर तिसरी जागा शोधेल, आणि ती कणगी असेल.

खरी परीक्षा पावसाळ्याची. सुमारे ४५० मीटर उंचीवरचं जव्हार आणि त्याच्या पूर्वेचा मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस धुक्यात आणि पावसात असतो. आठ महिने रानात जाऊन येणाऱ्या मांजराला त्या दिवसांत अंगणात वीतभर कोरडी माती मिळत नाही. सगळीकडे चिखल, आणि चिखलात ते बसत नाही. कोरडं म्हणून उरतं ते सरपण, चूल, माळ्यावरचा पेंढा आणि धान्य. यावरचा उपाय पाऊस पडायला लागल्यावर सुचून उपयोगाचा नाही. आगोटीची बेगमी करताना आपण सरपण भरतो, गोवऱ्या रचतो, मीठ-मिरची आणि सुकी मासळी घेऊन ठेवतो. त्याच वेळी वैशाखाच्या उन्हात तापलेली चाळलेली माती गोण्यांत भरून पडवीत ठेवावी. दर मांजरामागे दोन-तीन गोण्या धराव्यात, म्हणजे चार महिने थर बदलता येतो. पैसा लागत नाही, एका सकाळचं काम आहे. या पुस्तिकेतला एकच सल्ला कोणाला घ्यायचा असेल, तर हा घ्यावा.

तिसरं प्रकरण मांजरांच्या आपापसातल्या नात्यांचं. माणसांना वाटतं, मांजरं भांडत नाहीत म्हणजे त्यांचं जमतं. मांजरांची दादागिरी बहुधा बिनआवाजी असते. थोरली भाटी स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामधल्या उंबऱ्यावर पाय पोटाशी घेऊन बसते. ती गुरगुरत नाही, फक्त बघते. धाकटं मांजर आतून दोनदा उंबऱ्यापर्यंत येतं, कान मागे पाडतं, परत फिरतं आणि शेवटी पोत्यामागे जाऊन बसतं. घरच्यांना पोतं ओलं दिसतं, उंबऱ्यावरची भाटी दिसत नाही. मार मात्र धाकट्याला बसतो. म्हणून पाट्या वेगवेगळ्या वाटांवर हव्यात आणि प्रत्येकीतून निघायला दोन बाजू हव्यात. जेवणाच्या ताटल्याही दूरदूर ठेवाव्यात, कारण खाण्याच्या जागी धरलेला धाक पाटीच्या जागी उतरतो.

आई आणि तिच्या मुली यांचं सहसा पटतं. मोकळी मांजरं नात्यातल्या भाट्यांचा गट करून राहतात आणि पिल्लंही मिळून वाढवतात. अडचण परक्यांची. आणि परकी मांजरं एका घरात गोळा होण्याचं आपल्याकडे एक खास कारण आहे. दिवाळी झाली की पाड्यावरची कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलं जातात, कोंबड्या जातात, मांजर राहतं. कुलूप लागलेल्या घराची मांजरं साहजिकच चूल पेटलेल्या घराकडे सरकतात, आणि चूल पेटलेली असते ती मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची. एकमेकांची तोंडओळख नसलेली मांजरं अशी एका आजीच्या छपराखाली येतात. ती हाकलत नाही. “लेकरांनी टाकली, मी कुठं टाकू?” म्हणते आणि पेज वाटून देते. महिन्याभरात दाराच्या खांबापासून धान्याच्या पोत्यापर्यंत सगळ्याला उग्र वास सुटतो.

तो वास वेगळा असतो आणि त्यामागचं कारणही वेगळं. लघवीला बसलेलं मांजर पाठ खाली घेतं आणि जमिनीवर थारोळं करतं. हद्दीची खूण करणारं मांजर उभं राहतं, पाठ खांबाकडे करतं, शेपूट ताठ वर, शेपटीचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी टेकत-उचलत राहतात आणि पातळ फवारा खांबावर मारून ते निघून जातं. न खच्ची केलेल्या बोक्याच्या मुतात फेलिनीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. ते विघटित होऊन गंधकाची संयुगं सुटतात, त्यांचाच तो दर्प. वाघ-बिबटे झाडाच्या बुंध्यावर हेच करतात. वाघबारशीला ज्याच्या नावाने आपण नारळ फोडतो, त्याची मावशी घरच्या खांबावर तोच कारभार करते, एवढाच फरक. अशा मांजराला दहा पाट्या दिल्या तरी फवारा थांबणार नाही, कारण त्याला जागेची अडचण नाही, हद्दीची आहे. तिथे उपयोगी पडते नसबंदी. खच्चीकरणानंतर दहांतल्या साधारण नऊ बोक्यांचं फवारणं बंद होतं किंवा खूप कमी होतं. रात्री कौलांखालच्या फटीतून बाहेरचा बोका आत येत असेल, तर ती फट बुजवणं हाही उपचारच.

नसबंदीचं दुसरं कारण संख्येचं. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गाभणपण नऊ आठवड्यांचं, आणि वर्षात एकाहून जास्त वेत होतात. चार मांजरांच्या घरातला प्रश्न दहांच्या घरात अडीचपट होत नाही, हाताबाहेर जातो. यातली अडचण लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा मुख्य भार गाई-बैल, शेळ्या आणि कोंबड्यांचा. मांजराची शस्त्रक्रिया कुठे आणि कधी होईल हे आधी चौकशी करून ठरवावं लागतं. १८८६ साली परळला सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ही मोठी ठिकाणं, पण जव्हारहून परळ गाठायचं तर पूर्ण दिवस मोडतो. एकेकट्याने जाण्याऐवजी पाड्यावरच्या चार घरांनी मिळून तालुक्याच्या पशुवैद्यकाकडे मागणी नोंदवली, तर काम होण्याची शक्यता वाढते. ते कसं करायचं हे तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आहे.

चौथं प्रकरण सफाईचं. गाईच्या शेणाने आपण घर सारवतो. मांजराच्या घाणीचा उपयोग ना सारवायला ना लिंपायला. सारवलेल्या जमिनीत मूत मुरतं, आणि वरून नुसतं नवं शेण फिरवलं तर वास आत कोंडून राहतो. आपल्या नाकाला कळत नाही, मांजराच्या नाकाला कळतो, आणि पावसाळी दमट हवेत आपल्यालाही. म्हणून तेवढा थर खुरप्याने उकरून फेकायचा, खड्डा वाळू द्यायचा, नवी माती चोपायची आणि मग सारवायचं. कोब्यावर आधी कोरड्या मातीने ओल टिपायची, मग एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरचं पाणी आणि शेवटी साधं पाणी. टंचाईच्या दिवसांतही हे तांब्याभर पाण्यात होतं. फिनेल मात्र नको. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनॉलसारखी द्रव्यं त्याचं यकृत निकामी करू शकतात. अमोनिया असलेलं साफसफाईचं पाणी मुतासारखंच वास मारतं आणि मांजराला पुन्हा तिथेच बोलावतं. मुतावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो, तेव्हा तेही नको.

नाक घाणीत घासणं हा सगळीकडे चालणारा उपाय, आणि सगळ्यांत निकामी. मांजर त्या शिक्षेचा संबंध मघाच्या मुताशी लावत नाही, शिक्षा करणाऱ्या हाताशी लावतं. ते माणसाला भितं आणि भीतीने आणखी आडोशाला जाऊन मुततं. दुसरा उपाय गोणीत घालून लांबच्या बाजाराला सोडून येण्याचा. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं या समजापायी लोक मारत नाहीत, सोडतात. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. व्यवहारातही त्याचा फायदा नाही. घरात जागा रिकामी झाली की पाड्यावरचं दुसरं मांजर ती धरतं आणि खुणांचा खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

पाचवं प्रकरण छोटं आहे, पण गरोदर बाई किंवा रांगतं मूल असलेल्या घराने ते आधी वाचावं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि गर्भाला इजा करू शकतो. घाबरून मांजर हाकलण्याची गरज नाही. विष्ठा पडल्यावर ती संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून पाटी रोज साफ केली तर धोका जवळपास टळतो. ते काम गरोदर बाईने करू नये, घरातल्या दुसऱ्याने करावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाटीतली घाण परसातल्या भाजीच्या वाफ्यात टाकू नये, लांब खड्डा करून पुरावी. हा परजीवी कच्च्या-अर्धकच्च्या मटणातून आणि मातीच्या हातांतूनही येतो, तेव्हा सगळा दोष मांजराच्या माथी मारू नये. ज्या धान्यावर घाण झाली ते वेगळं काढावं. कणगीला बांबूचं झाकण करून वरून लिंपून घेतलं तर ही वेळच येत नाही.

पुस्तिका वापरण्याची रीत अशी. आठवडाभर भिंतीवर कोळशाने किंवा मुलाच्या वहीत नोंद ठेवा: कोणत्या मांजराने, कुठे, बसून की उभं राहून, थारोळं की फवारा, बाहेर पाऊस होता का, घरात नवं माणूस किंवा मांजर आलं होतं का. मांजरं अनेक असतील तर गुन्हेगार कोण हे अंदाजाने ठरवू नका. सगळ्यांत भित्रं मांजर सगळ्यांत आधी पकडलं जातं, पण बहुतेकदा कारण दुसऱ्याच मांजरात असतं. घाण शंभर टक्के बंद होईल असं वचन इथे दिलेलं नाही. खच्ची केलेल्यांतही एखादा बोका फवारत राहतो, आणि ताणाने येणारी मूत्राशयाची सूज उलटते. पण पाट्या, कोरडी माती, झाकलेली कणगी, वेगळ्या ताटल्या आणि वेळेवर दवाखाना एवढ्यावर बहुतेक घरांत मांजरही राहील आणि धान्यही.

पुस्तिका मे महिन्यात हाती आली असेल तर दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा आणि गोण्या भरायला घ्या. भर पावसात आली असेल तर दुसरं आणि चौथं एकत्र वाचा. दिवाळीनंतर शेजारची मांजरं तुमच्याकडे वस्तीला आली असतील तर तिसरं काढा. आणि बोका तासाभरात तिसऱ्यांदा बसूनही थेंब काढत नसेल, तर वाचत बसू नका. त्याला डालग्यात घाला आणि दवाखान्याचा रस्ता धरा.